उजवीकडच्या माणसाची ढाल

शिकागोहून सुटलेल्या गाडीतून नेपरव्हिलला उतरलो, तेव्हा मला घ्यायला आलेल्या काकांच्या काखेत लाल तुऱ्याचं ग्रीक पद्धतीचं पितळी शिरस्त्राण होतं.

"पॉलिश करून आणलं," ते म्हणाले. "बस गाडीत. उद्या लढाई आहे."

काका नात्याचे नव्हेत, पण मूळचे आमच्या सेनगावचे. इथे जन्मभर डॉक्टरकी करून आता निवृत्त झालेत आणि हौशी मंडळींबरोबर जुन्या ग्रीकांच्या लढाया खेळतात. मी कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तीन आठवडे अमेरिकेत होतो आणि शनिवार-रविवार त्यांच्याकडे राहणार होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ती मला चढता यावी म्हणून थोरला भाऊ नववीतून शाळा सोडून सायकलच्या दुकानात बसला. ग्रीकांबद्दल मला शाळेत जे काही कळलं ते एवढंच, की ते परीक्षेला येत नाहीत.

संध्याकाळी काकूंनी भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. सोबत अटही सांगितली. "मागच्या वर्षी हे गुडघ्यावर पडले. यंदा पडले तर लढाई बंद आणि ते टोपडं माझं. कढीपत्त्याचं रोप लावणार आहे त्यात. डोळ्यांच्या भोकांतून पाणी छान निचरेल."

"अडीच हजार वर्षांपूर्वीचा नमुना आहे तो," काका म्हणाले. "आणि हिला कुंडी दिसते." मग माझ्याकडे वळले. "आमचा एक माणूस आजारी पडलाय. तू माझ्या उजवीकडे उभा राहा."

काकूंनी मला आणखी एक भाकरी वाढली. ती प्रेमाने होती की धमकी म्हणून, ते कळलं नाही.

सकाळी बागेच्या मैदानात एकीकडे आमचं अथेन्स, दुसरीकडे स्पार्टा. दोन्हीकडे बारा-बारा माणसं, बहुतेक निवृत्त, बहुतेक ढेरपोटी. काकांची नात मिहिका कॉलेजात ग्रीक शिकते. ती पंच होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिने मला फॅलँक्स (ढालीला ढाल भिडवून उभी राहिलेली फळी) समजावली. ढाल डाव्या हातात असते. तिचा अर्धा भाग आपल्याला झाकतो आणि उरलेला अर्धा डावीकडच्याला. आपली उजवी बाजू उघडी राहते, ती उजवीकडच्याच्या भरवशावर. शेतकरी, कुंभार, चांभार, जे शेजारी राहायचे तेच रांगेत शेजारी उभे राहायचे. शिरस्त्राण हरवलं तर माफ, कारण ते स्वतःपुरतं. ढाल टाकली तर माणसाची गावातली पतच गेली.

"सो डोन्ट ड्रॉप इट, दादा," ती म्हणाली.

"नाही टाकणार," मी मनापासून म्हणालो.

ढालीचा पट्टा माझ्या काडीसारख्या हाताला सैल होता. ढाली बनवणारा सुतार टिम माझ्या उजवीकडे उभा होता. त्याने पट्ट्यात स्वतःचा जादा मोजा कोंबून दिला. डावीकडे काका, गुडघ्याला बँडेज बांधून. नियम साधा होता. भाले नाहीत, नुसतं ढालीने रेटायचं. पलीकडे माझ्यासमोर वॉल्टर नावाचे अग्निशमन दलातले निवृत्त जवान होते, दाराएवढे रुंद.

शिंग वाजलं. ढाली आदळल्या. वॉल्टर रेटत होते आणि मी गवतात टाचा रुतवून मागे सरकत होतो.

"रेट रे, जेवला नाहीस का?" काका ओरडत होते.

"दोन वेळा वाढलंय त्याला," खुर्चीतून काकू.

मी जोर करून उजवा पाय पुढे टाकला. तो नेमका वॉल्टरच्या सँडलमधल्या उघड्या बोटांवर पडला.

वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला. पुढचं मी केलं नाही, हाताने केलं. मी वाकलो, वॉल्टरच्या पावलाला बोटं लावली आणि ती छातीशी नेली.

ज्याला ते रेटत होते, तोच जागेवर नव्हता. वॉल्टर माझ्या पाठीवरून गेले आणि त्यांच्याबरोबर शेजारचे दोन स्पार्टन. मोजा निसटला, ढाल हातातून सुटली आणि गडगडत थेट काकूंच्या थर्मासला जाऊन टेकली.

मी पालथा पडलो होतो. मान वळवली तर वर ऊन नव्हतं. टिम माझ्यावर स्वतःची ढाल धरून उभा होता. डावीकडे काकांची उजवी बाजू उघडी पडली होती. एक स्पार्टन तिथे घुसला. काकांचं बँडेज सुटून लोंबत होतं. पण ते वाकले, रुतले आणि राहिले. लढाई संपल्याचं शिंग वाजलं तेव्हाही ते उभेच होते.

"आजोबा, यू गाइज लॉस्ट," मिहिका म्हणाली. "दादा ड्रॉप्ड द शील्ड."

"हरलो तर हरलो," काका धापा टाकत म्हणाले. "पडलो का, ते हिला विचार."

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाही पडले," त्या नाइलाजाने म्हणाल्या आणि थर्मासमधला पहिला चहा काकांना दिला. वॉल्टरने अंगावरचं गवत झटकत मला विचारलं, की ही युक्ती भारतात शिकवतात का. मी म्हणालो, "हो, अगदी लहानपणापासून."

सेनगावला परतलो तेव्हा माझा थोरला दादा दुकानात पंक्चर काढत होता. मी त्याला फोटो दाखवला, सगळा प्रकार सांगितला. तो हसून हसून पाण्याच्या टबावर वाकला.

"म्हणजे एवढं शिकवून पाठवलं आणि तू तिकडे जाऊन ढाल टाकलीस."

"टाकली."

त्याने ट्यूब पाण्यात दाबली. बुडबुडे यायची वाट बघत म्हणाला, "आणि तुझ्या उजवीकडच्यानं?"

"त्याने नाही टाकली."

"मग झालं तर," दादा म्हणाला आणि बुडबुड्यावर बोट ठेवलं.