मी वेगळंच सांगितलं

आमच्या पुढच्या ब्लॉकमध्ये एक केरळी सिस्टर राहायची. मोठ्या दवाखान्यात नोकरीला होती. आम्ही चंडीगडला बदलून आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती एका सकाळी दारात आली आणि हिंदीत म्हणाली, "भाभीजी, वॉर्डात तुमच्या भाषेचं जोडपं आलंय. नवऱ्याला कामापुरती हिंदी येते, बाईला तेवढीही नाही. डॉक्टरांना त्यांच्याशी बोलायचंय."

धुकं इतकं होतं की अकरा वाजले तरी रस्त्यावरचे दिवे चालू होते.

माणूस साताऱ्याकडचा. चंडीगडच्या वर डोंगरात धरणाच्या कामावर मिस्त्री होता. चाळिशीचा असेल, पण अंगावर मांस नव्हतं आणि पोट तेवढं फुगलेलं. बायको खाटेला टेकून बसली होती. मराठी ऐकल्यावर तिनं माझा हात धरला तो सोडेना.

डॉक्टरांनी मला आधी व्हरांड्यात नेलं. कॅन्सर यकृतात पसरला होता. इलाज संपले होते. "गावी जायचं असेल तर याच आठवड्यात जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात प्रवास झेपणार नाही. अशी गोष्ट माणसाला आपल्या भाषेत कळावी, म्हणून तुम्हाला बोलावलं."

आम्ही खाटेपाशी गेलो. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "अशक्तपणा फार आलाय. आठ-दहा दिवस औषध घेऊन बघू म्हणतात."

ते वाक्य मी ठरवून बोलले नाही, तोंडातून गेलं. डॉक्टरांना मराठी येत नव्हती. सगळं सांगून झालं असं समजून ते मान खाली घालून थोडा वेळ उभे राहिले. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि हसली. त्या दुपारी नवऱ्यानं अर्धी वाटी खिचडी खाल्ली.

घरी आल्यावर माझ्या हातून दूध उतू गेलं, भाजी करपली. ह्यांना काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी गेले तर बायको खुशीत होती. "ताई, काल धरनावरची मानसं जीप घिऊन आली हुती. दिल्लीला गाडीत बसवून देतो म्हनली. म्या परत धाडली. म्हनलं, आता आठ दिवसांत बरं हुत्यात, मग दोघंबी जाऊ."

जीप माझ्या वाक्यामुळे परत गेली होती. तरीही मी खरं सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हटलं.

चौथ्या दिवशी त्याची खाट कोपऱ्यातून हलवून सिस्टरच्या टेबलाजवळ आणली होती. आजूबाजूचे पेशंट तिकडे बघायचं टाळत होते. बायको नळावर गेली तेव्हा त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"ताई, त्या दिवशी तुमी येगळंच सांगितलं न्हवं?"

मी दाराकडे बघितलं, बायको अजून आली नव्हती.

"डाक्टर मान खाली घालून उभा हुता. आठ दिसांत बरं होनाऱ्या मानसापुढं कुनी असं उभं ऱ्हात न्हाई."

मग मी सगळं सांगितलं, जीपचंसुद्धा. तो ऐकत राहिला. त्यानं एकदाच विचारलं, "आता न्हाईच जाता यायचं?"

डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते नाही म्हणाले. मी काय केलं होतं तेही त्यांना सांगितलं. ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"हिला म्या सांगतो," तो म्हणाला. त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी व्हरांड्यात उभी होते. आतून रडण्याचा आवाज आला नाही, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

पुढचे नऊ दिवस मी रोज गेले. दुखणं उठायच्या आधीच औषध द्यायचं, ओल्या कापसानं ओठ भिजवायचे, दर दोन तासांनी कूस बदलायची, हे सिस्टर हिंदीत सांगायची आणि मी बायकोला मराठीत, शब्दाला शब्द. गावी असलेल्या मुलीला त्यानं तीन पत्रं सांगितली, ती मी लिहून घेतली. दहाव्या दिवशी सकाळी तो गेला. शेवटी कळ नव्हती, एवढं मात्र खरं.

धरणावरची माणसं तिला न्यायला आली. जीपमध्ये बसण्याआधी ती माझ्यापुढे उभी राहिली.

"ताई, तुमी लई केलं," ती म्हणाली. मग आवाज न चढवता: "पर तवाच सांगितलं असतं, तर त्यास्नी घर दिसलं असतं."

मी हो म्हटलं. जीप गेली.