माझ्या भावाच्या प्रार्थना

आमचा बाबू प्राचार्य कसा झाला, असं गावात कुणालाही विचारा. सगळे एका सुरात सांगतील, देवाची कृपा. मी त्याची थोरली सख्खी बहीण. माझं ऐकाल तर देवाला यात ओढू नका. त्या बिचाऱ्याला नुसतं वापरून घेतलंय.

आमचे वडील इस्पितळात कंपाउंडर होते. इस्पितळाच्या मागच्या दोन खोल्या हे आमचं घर. गाव एवढंसं, की स्टेशनापासून निघालेला रस्ता शाळेच्या फाटकापाशी येऊन संपायचा, कारण त्याच्या पुढं जायचं कुणाला कामच नव्हतं. इस्पितळ, चर्च आणि शाळा, या तिन्हींच्या मधे आम्ही वाढलो. मी पुढं त्याच इस्पितळात नर्स झाले, लोकांची गळवं फोडली, बाळंतपणं केली, आणि निवृत्त झाले. बाबूला रक्त बघितलं की चक्कर यायची. त्यामुळं तो शिक्षणाकडं वळला.

आमच्याकडं रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना असे. सगळ्यांनी डोळे मिटायचे, हात जोडायचे, आणि एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना मधे बोलायचं नाही, हा नियम. घराला आग लागली तरी आधी आमेन, मग बादली. आईचा धाकच तसा होता.

बाबूचे दुधाचे दात अजून पडायचे होते, तेव्हा या नियमातली मेख त्याच्या ध्यानात आली. एका संध्याकाळी त्यानं डोळे गच्च मिटले आणि बारीक आवाजात सुरू केलं, की हे प्रभू, ताईनं कपाटातली साखर खाल्ली, तिला क्षमा कर, ती वाईट नाही, तिला मोह आवरत नाही. मी एक डोळा किलकिला करून बघितलं. मेल्याच्या हनुवटीला साखरेचे कण चिकटलेले. पण बोलणार कशी? प्रार्थना चालली होती ना! आईनं आमेन म्हटलं आणि जोडलेले हात सोडून माझा कान पिळला. धाकटा भाऊ तुझ्यासाठी देवाकडं रडतोय, लाज वाटू दे जरा, म्हणाली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, पण हात जोडून मारलेल्या. त्या दिवशी त्याला कळलं ते कळलं. पुढं तो जे काही शिकला त्याचा त्याला फारसा उपयोग करावा लागला नाही.

अभ्यासात म्हणाल तर गडी बेताचा. गणित एकदा गेलं, दुसऱ्यांदा कसंबसं सुटलं. पण बाहेरगावचे पाहुणे चर्चमध्ये आले की बाबूला पुढं करायचे. कुठं थांबायचं, कुठं आवंढा गिळायचा, कुठं गळा भरून येऊ द्यायचा, सगळं त्याला पाठ. बायका पदरानं डोळे पुसायच्या. वडीलही पुसायचे, आणि मग मला म्हणायचे, बघ, हा कुठल्या कुठं जाईल. तो कुठंच गेला नाही. बी.ए. झाला, बी.एड. झाला आणि रस्ता संपतो त्याच शाळेत मास्तर म्हणून चिकटला.

शाळेत आठवडा संपला की शिक्षकांच्या खोलीत प्रार्थना व्हायची. गोगलगाय आणि पोटात पाय! तिथंच बाबूनं बस्तान बसवलं. पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली होती आणि ती चित्रकलेच्या सरांना मिळणार हे शाळेतल्या झाडांनासुद्धा ठाऊक होतं. सर मोठे मिस्कील, एकटे राहायचे आणि थंडीत बेदम खोकायचे. बाबूनं भरल्या गळ्यानं प्रार्थना केली, की प्रभू, आमच्या ज्येष्ठ बंधूला त्या बाटलीच्या पाशातून सोडव. अहो, ती बाटली खोकल्याच्या औषधाची! आमच्या वडिलांनी स्वतः भरून दिलेली, आणि नेऊन कुणी दिली तर याच बाबूनं. पण आमेन झाल्यावर सर उठून काय सांगणार, मी पीत नाही म्हणून? तसं सांगणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसलाय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाबू पर्यवेक्षक झाला.

उपप्राचार्यबाईंची तर आणखी तऱ्हा. बाई चांगल्या खणखणीत होत्या, जिना चढताना पोरांच्या पुढं असायच्या. बाबू दर आठवड्याला प्रार्थनेत मागायला लागला, की आमच्या थकलेल्या भगिनीला विश्रांती दे. मग काय, जो तो बाईंना खुर्ची पुढं करायला लागला. हातातल्या वह्या काढून घ्यायला लागला. कसं वाटतंय, डॉक्टरांनी काय सांगितलं, असं विचारायला लागला. शेवटी बाई माझ्याकडं इस्पितळात आल्या आणि म्हणाल्या, सिस्टर, एकदा तपासून बघा, मला नेमकं झालंय तरी काय? काहीच झालं नव्हतं. पण त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली, आणि निरोपाच्या दिवशी बाबू सगळ्यांत जास्त रडला.

असा तो पायरी पायरीनं प्राचार्य झाला. केबिनला पडदा आला, टेबलावर काच आली, काचेखाली वचनं आली. पोरांनी त्याचं नाव डोळेमिट्या ठेवलं. पोरांना सगळं कळतं. ग्रंथालयाची सगळी कपाटं त्यानं कुलूपबंद केली आणि किल्ली खिशात ठेवली. मुलांच्या हातांनी पुस्तकं मळतात म्हणे. शाळेतली पुस्तकं इतकी कोरी ठेवणारा प्राचार्य दुसरा सापडायचा नाही.

आता माझ्या मुलीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. ती त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागली. आपल्या गुणांवर लागली, पण मामा गावभर सांगत सुटला की भाचीला मी लावली. वर्ष संपलं की शाळेची कमिटी तिला नोकरीत कायम करणार होती. त्याआधीच शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. ग्रंथालय बघून खूश झाले. कपाटापाशी माझी मुलगी उभी होती, तर सहज तिला विचारलं, की मुलं कुठली पुस्तकं जास्त नेतात? पोरीला खोटं बोलता येत नाही, बापावर गेलीय. ती म्हणाली, नेत नाहीत, कुलूप असतं, किल्ली सरांकडं असते. साहेब हसले. बाबूही हसला. तो हसला म्हटल्यावरच मला भीती वाटायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर सगळी शाळा उभी असताना त्यानं माइकवरून प्रार्थना केली. एका तरुण भगिनीचं पाऊल घसरू पाहतंय, ती शाळा सुटल्यावर कुठं थांबते, कुणासोबत थांबते, हे प्रभू, तुला ठाऊक आहे, तिला सांभाळ. नाव घेतलं नाही. कशाला घेईल? शाळा सुटल्यावर थांबणारी तरुण बाई एकच होती.

ती का थांबायची? कच्च्या मुलांचा जादा वर्ग घ्यायला. तो वर्ग तिला कुणी दिला? मामानं. गणिताचे सरही त्याच वर्गावर, तेही मामानंच बसवले, एकट्या बाईनं संध्याकाळी थांबू नये म्हणून. खोलीसुद्धा प्राचार्यांच्या केबिनच्या थेट समोरची.

पण हे बघायला गावाला सवड कुठली! आठवडा संपायच्या आत बेकरीच्या रांगेत मी गेले की बायका पावाच्या किमतीवर बोलायला लागायच्या. गणिताच्या सरांची बायको माहेरी निघून गेली. काही पालकांनी कमिटीला कळवलं, की अशा बाईंच्या हाताखाली आमच्या मुली नकोत. कायम करायचं सोडाच, तिला ठेवायचं की नाही यावरच कमिटी बसणार होती. आणि इथून काढलेल्या मास्तरणीला दुसरी शाळा पहिला प्रश्न काय विचारणार, ते मी सांगायला नको. पोरीनं खाणं टाकलं. शाळेतून आली की भिंतीकडं तोंड करून पडायची. मी तिची नाडी बघायचे, दुसरं काय करणार? मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

मी केबिनमध्ये गेले. बस ताई, पाणी घे, म्हणाला. पाणी राहू दे, म्हटलं, बाबू, तो वर्ग तूच दिलास, तिथं त्या मास्तराला तूच बसवलंस, तेवढं कमिटीला सांग, तुझं एक वाक्य पुरेल. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ताई, तू फार दुखावली आहेस. ये, आपण प्रार्थना करू." आणि डोळे मिटले. माझ्या मनातला कडवटपणा निघून जावा म्हणून देवाकडं मागत राहिला. मी पर्स मांडीवर घेऊन समोर बसलेली, आणि पेपरवेट हाताशी होता, इतकंच सांगते. आमेन झालं तसा शिपाई कुणाला तरी भेटायला घेऊन आला आणि बाबूनं मला दारापर्यंत सोडलं.

वर्षअखेरीला शाळेत उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची सभा असते. पालक येतात, कमिटी येते, आणि सभा संपली की कमिटी आत बसून निर्णय घेते. कमिटीच्या अध्यक्ष आमच्या जुन्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या हाताखाली मी नोकरी केलेली, बाईंना लाडीगोडी चालत नाही. सभेची पद्धत अशी, की आधी प्राचार्य प्रार्थना करणार आणि मग खुली प्रार्थना, म्हणजे ज्याला आतून वाटेल त्यानं उठावं आणि करावी. प्रत्येकाच्या शेवटी प्राचार्य माइकवर आमेन म्हणतात आणि मागून सगळं सभागृह म्हणतं.

बाबूनं लांबलचक प्रार्थना केली आणि शेवटाकडं आलाच तिथं. ज्या भगिनीचा आज निर्णय व्हायचाय, तिच्याबद्दल कुणाच्या मनात कठोरता नसो. म्हणजे पुन्हा एकदा चिखल उडवला आणि वर स्वतःच हळहळला. माझी मुलगी मागच्या ओळीत होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

खुली प्रार्थना सुरू झाली आणि मी उठले. चारचौघांत मी तोवर कधी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. पण सगळ्यांचे डोळे मिटलेले, बाबूचेही, आणि मधे बोलायची कुणाची टाप नव्हती.

"प्रभू," मी म्हटलं, "माझा भाऊ माइकपाशी उभा आहे. माझ्या मुलीला संध्याकाळचा वर्ग त्यानं दिला. गणिताच्या सरांना तिथं त्यानंच बसवलं, आणि खोली दिली ती आपल्या केबिनसमोरची. हे सगळं ठाऊक असून त्यानं तुझ्यापाशी तिची चहाडी केली. तो खोटं बोलला. त्याला क्षमा कर, आणि माझ्या पोरीचं नाव तिला परत मिळू दे. आमेन."

मी बोलत असताना त्याच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे. बहुतेक काहीच नसेल. दुसऱ्याची प्रार्थना तो ऐकतो असं मला कधी वाटलं नाही. पण गुडघ्यावर हातोडी मारली की पाय जसा आपोआप उडतो, तसं कुणाचं आमेन कानावर पडलं की त्याचं तोंड उघडतं. जन्माची सवय. "आमेन," तो म्हणाला. माइकवर, भरल्या गळ्यानं, अगदी नेहमीसारखं. मागून सगळं सभागृह आमेन म्हणालं. आणि मग लोकांनी डोळे उघडले आणि आपण कशाला आमेन म्हटलं ते हळूहळू एकेकाच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. बाबूचा चेहरा सगळ्यांत शेवटी पडला.

डॉक्टरीणबाई जागेवरूनच म्हणाल्या, की प्राचार्य, तो वर्ग तुम्ही दिला होता का? बाबू चाचरला. आपण सगळे या बाबतीत प्रार्थनापूर्वक, असं काहीतरी सुरू केलं आणि त्याचे हात जवळ यायला लागले.

"हात खाली घ्या," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला विचारतेय, देवाला नाही."

"हो," बाबू म्हणाला. माइक चालूच होता, त्यामुळं मागच्या ओळीलाही ऐकू गेलं.

मुलगी त्याच दुपारी कायम झाली. गणिताच्या सरांची बायको परत आली, म्हणजे आणावी लागली. बेकरीतल्या बायका आता म्हणतात, आम्हाला आधीच वाटलं होतं हो. वाटलं होतं तर तेव्हा मूग गिळले होते की काय! आणि बाबू प्राचार्य आहेच. कुंपणानं शेत खाल्लं म्हणून कुंपण बदलायची पद्धत आमच्या गावात नाही. फक्त सकाळची प्रार्थना आता तो छापील पुस्तकातून वाचतो, आणि पोरं म्हणतात की फार बरं झालं, लवकर संपते.

सभेच्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला होता. आतल्या खोलीत पोर पहिल्यांदा पोटभर जेवून झोपली होती. मी चहा ठेवला. त्यानं कपाला हात लावला नाही. सख्खी बहीण असून चार लोकांत माझी अब्रू घालवलीस, म्हणाला. मी काही परका होतो का? केबिनमध्ये येऊन एकदा सांगायचंस, मी ऐकलं नसतं?

"आले होते बाबू," मी म्हटलं. "तू डोळे मिटलेस."