पिवळ्या शेवंतीची पाच कार्डं

माझ्या धाकट्या भावाची मुलगी सव्विसाव्या वर्षी गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. धुळ्याच्या एका दवाखान्यात दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस चालायचं. मी जळगावला, बसने फार तर अडीच तास. तरी त्या दोन वर्षांत मी तिला भेटायला दोनदाच गेले. तिच्या हातातल्या त्या जाड सुया मला पाहवत नव्हत्या, एवढंच कारण.

दहाव्याला गेले. वहिनी, तिची आई, बायकांच्या गराड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या शेजारी तासभर बसले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. घरी परतल्यावर फोन केला, तर निघालं काय, ‘जेवलीस का?’ ती ‘हो’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

निवृत्त झाल्यापासून मी घरी शुभेच्छा कार्डं करते. फुलांचे रबरी शिक्के आहेत, शाईचे पॅड आहेत आणि हाताने फिरवायचं एक छोटं मशीन आहे. फुलाच्या आकाराचा धारदार पातळ साचा असतो, त्याला डाय म्हणतात. तो कागदावर ठेवून दोन प्लेटांमध्ये घालायचा आणि हँडल फिरवायचं, की फूल कापून बाहेर येतं. नात्यातल्या वाढदिवसांना, बारशांना माझं कार्ड जातंच. त्या आठवड्यात मी वहिनीसाठी कार्ड करायला बसले.

‘अगं, दुःखात कार्ड कोण पाठवतं आपल्याकडे?’ हे म्हणाले.

‘मला बोलता आलं नाही, म्हणून पाठवतेय.’

शेवंतीची तीन फुलं कापली, पांढरीच ठेवली. आत लिहिलं, ‘मी यायला हवं होतं. आले नाही.’ कुरिअरने पाठवून दिलं.

आठ-दहा दिवस काहीच नाही. कार्ड पाठवून आपण आगाऊपणा केला असं वाटायला लागलं. मग एका दुपारी वहिनीचा फोन आला. ती भडगावकडच्या खेड्यातली, मनातलं बोलायचं असलं की आपल्या बोलीवर येते.

‘अक्का, पांढरी फुलं काबर? तिले पिवळा रंग आवडे.’

मला माहीतच नव्हतं. तसं मी सांगितलं. ती म्हणाली, ‘मला कार्ड करायला शिकवशील का?’

पुढच्या सोमवारी ती एकटीच बसने आली. पिशवीत एक कागद होता. त्यावर कुणाकुणाला द्यायचं ते लिहिलेलं: वॉर्डातल्या दोन सिस्टर, डायलिसिसचं मशीन लावणारा मुलगा, दोन वर्षं ने-आण करणारे रिक्षावाले भाऊ आणि शेजारच्या बेडवरची मुलगी.

पहिलं फूल तिने साच्यातून घाईत ओढलं आणि ते देठापाशी फाटलं. ते तळहातावर घेऊन ती रडायला लागली. दहाव्याला मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी मशीन बाजूला सरकवलं आणि तिला जवळ घेतलं. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘दे आता दुसरा कागद.’

संध्याकाळपर्यंत पाच कार्डं झाली. सगळी पिवळ्या शेवंतीची. चार कार्डांवर तिने आपल्या सातवीपर्यंतच्या अक्षरात लिहिलं, ‘तुम्ही माझ्या मुलीला जपलं.’ पाचव्याशी मात्र अडली. शेजारच्या बेडवरची ती मुलगी अजून डायलिसिसवरच होती.

‘लवकर बरी हो, असं लिही,’ मी म्हटलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. ‘ते खोटं आहे, अक्का. तिलाही माहीत आहे.’

तिने पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाली, ‘तिची आई मजुरीला जाते. पोरगी चार-चार तास एकटीच पडून राहते. आमची होती तेव्हा दोघी गप्पा मारायच्या.’ आणि तिने लिहिलं, ‘मी येत जाईन.’

मला वाटलं, दुःखाच्या भरात लिहून गेली. त्याच वॉर्डात, रिकाम्या झालेल्या किंवा दुसऱ्याला दिलेल्या त्या बेडशेजारी बसणं तिला कसं झेपेल? भावालाही तेच वाटलं. त्याने फोनवर मला विचारलं, ‘तू समजावशील का तिला?’ मी नाही म्हटलं.

वहिनी मंगळवारी गेली. शुक्रवारीही गेली. पहिल्या दिवशी ती जिन्यातूनच परत फिरत होती, असं तिने मला नंतर सांगितलं. सिस्टरने खाली येऊन हात धरून वर नेलं.

याला आता वर्ष होत आलं. ती मुलगी अजून मशीनवर आहे. तिची आई किडनी देणार म्हणून तपासण्या चालू आहेत. महिन्यातून एक शुक्रवार मीही धुळ्याला जाते. सुया टोचताना मुलगी वहिनीचं बोट घट्ट धरते. मी तिच्या पायाशी बसते आणि तोंड फिरवत नाही.