मास्तरांची रजा

आमच्या धाकट्या भावजींना त्यांच्या शिवणकारखान्यात सगळे मास्तर म्हणतात. कापड कापायचं काम त्यांचं. आपण एक दिवस गेलो नाही तर तिथून एका बाहीचे शर्ट बाहेर पडतील, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

कारखान्यातल्या बायकांनी बाळंतपणाची भरपगारी रजा भांडून मिळवली, तेव्हा “बापालाही पंधरा दिवस द्या” म्हणून मालकाशी वाद घालायला हेच पुढे. “मूल काय एकट्या आईचं असतं?” असं ठणकावून विचारलं होतं म्हणे. पुढच्याच वर्षी त्यांना मुलगी झाली आणि त्यांनी रजा घेतली. म्हणजे कागदावर घेतली.

माझी जाऊ ऑपरेशन होऊन घरी आलेली, टाके अजून दुखरे. मी दोन घरं पलीकडे राहते, म्हणून सकाळी डोकावले. भावजी गायब. “औषध आणायला गेलेत,” जाऊ म्हणाली. दुसऱ्या दिवशीही औषधच. तिसऱ्या दिवशी मात्र ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगत होती, मांडीवर मुलगी रडत होती.

“ताई, ते कारखान्यात जाऊन बसतात हो. मला नुसतं उठायलाही हात लागतो. घटकाभर झोप मिळाली तरी पुरे.”

शेजारणीला तिच्याजवळ बसवून मी तडक कारखाना गाठला. मास्तर कापायच्या टेबलाशी, हात मागे बांधून उभे.

“वहिनी, मी काम करत नाहीये. नुसता बघतोय!”

“बघायला घरी मुलगी आहे की.”

मशिनी एकेक करत थांबल्या. सगळ्यात जुन्या शिलाईवालीला तिथे आक्का म्हणतात. तिनं चष्म्यावरून पाहिलं. “काय मास्तर, रजेचं भाषण फक्त आमच्यासाठी होतं का? मालकानं बघितलं तर म्हणेल, बापाला घरी कामच नसतं. मग पुढच्याला कोण देणार रजा?”

“अगं, पण ही मोठी ऑर्डर...”

“ऑर्डर आम्ही बघतो. तुम्ही तुमची बघा!”

सगळ्या खो खो हसल्या. मास्तर मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, “वहिनी, तिला उचलायची भीती वाटते. कापड चुकलं तर दुसरं घेता येतं.”

आक्कानं अस्तराचं कापड गुंडाळलं आणि त्यांच्या हातात दिलं. “हं, हे डोकं. मानेखाली हात. अहो, गठ्ठ्यासारखं काय धरताय? छातीशी घ्या!” चहूकडून सूचना सुटल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना बोल लावणारे मास्तर निमूट ऐकत होते.

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले आणि मुलीला उचललं.

“मानेखाली...” जाऊ म्हणाली.

“माहीत आहे,” मास्तर कारखान्यातल्या आवाजात म्हणाले.

आणखी काहीतरी सांगायचं होतं तिला, पण तेवढ्यात तिचा डोळा लागला. मुलगीही हळूहळू शांत झाली आणि शांत होताना मास्तरांचा शर्ट पुरता भिजवून मोकळी झाली. मास्तर खोलीच्या मधोमध खांबासारखे उभे.

“वहिनी,” ते कुजबुजले, “आता काय करू?”

“काही नाही. हलू नका.”