झेपेल तेवढी स्वीडिश

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी स्वीडिश शिकायला घेतली, ती हौसेनं नाही. हौसेला तेव्हा माझ्याकडं जागाच नव्हती. मी लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, घर नांदेडला. सोमवारी पहाटेची एसटी धरायची, शनिवारी दुपारी परत निघायचं. असं अकरा वर्षं चाललंय. लातूरच्या खोलीत नळाला आठवड्या-दहा दिवसांनी पाणी येतं. वर्गात शंभरावर मुलं असतात, त्यातल्या बहुतेकांना डॉक्टर व्हायचं असतं आणि इंग्रजीच्या तासाला ती मांडीवर वही ठेवून भौतिकशास्त्र सोडवतात. मी बघून न बघितल्यासारखं करते. बदलीचा अर्ज दरवर्षी देते, दरवर्षी तो कुठंतरी राहतो.

माझा नवरा अर्धापूरजवळच्या एका गावात शाळेवर शिक्षक आहे. त्या शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी आहेत. पासष्टीच्या असतील. अंगानं बारीक, थोडं चाललं की धाप लागते. गावात सगळे त्यांना मावशीच म्हणतात. एके दिवशी शाळेच्या पत्त्यावर मुख्याध्यापकांच्या नावानं इंग्रजीत एक पत्र आलं. नवऱ्यानं ते शनिवारी घरी आणलं आणि म्हणाला, "वाच गं. मला जे समजलं ते खरं हाय का बघ."

पत्र स्वीडनमधून होतं. लिहिणारी बाई पंचेचाळीस वर्षांची, तिथल्या एका लहान शहरात सिटी बस चालवणारी. लहानपणी तिला भारतातून दत्तक नेलं होतं. तिच्याकडं एक जुना कागद होता. त्यावर या गावाचं नाव, एका बाईचं नाव आणि अंगठा. त्या नावाची कोणी गावात आहे का, एवढंच तिनं विचारलं होतं. नाव खिचडीवाल्या मावशींचं होतं.

मावशींनी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं पत्राचा अर्थ सांगितल्यावर त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हाव. माझीच ती." लग्नाला दोन वर्षं झाली असताना विहिरीच्या कामावर दरड कोसळून त्यांचा नवरा गेला. मुलगी त्यानंतर जन्मली. ती आठ महिन्यांची असताना मावशींना क्षय झाला आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं. पोरीला सांभाळायला म्हणून एका संस्थेनं नेलं. कशावर तरी अंगठा घेतला. सात महिन्यांनी मावशी बऱ्या होऊन आल्या, तेव्हा पोरगी तिथं नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात मुलगी आली. दुभाषी म्हणून मला नेलं, कारण इंग्रजी येणारी ओळखीची मीच. मावशींच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघी बसलो. मुलगी उंच, केस बारीक कापलेले, आणि कपाळ हुबेहूब मावशींचं. मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "जेवली का ही?" मी इंग्रजीत विचारलं, तिनं इंग्रजीत उत्तर दिलं. असं तासभर चाललं. ती इंग्रजी ना तिची होती, ना माझी, ना मावशींची. तिघींच्या मध्ये भाड्यानं आणून ठेवलेल्या खुर्चीसारखी होती. मग मावशींनी तो अंगठ्याचा प्रसंग सांगितला. मी भाषांतर केलं. मुलीनं मावशींचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती एकदम बोलायला लागली. स्वीडिशमध्ये. पाच-सहा मिनिटं तरी बोलली असेल, वर चढणाऱ्या, खाली उतरणाऱ्या आवाजात.

मावशी माझ्याकडं वळल्या. "काय म्हनून राहिली वो, बाई?"

"मला नाही समजलं, मावशी. ही तिची भाषा आहे."

"मंग तुमी कशाला आल्या?"

त्या रागानं म्हणाल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. पण मला ते फार लागलं. परतताना नवऱ्याला म्हटलं, मी ही भाषा शिकणार. तो म्हणाला, "आधी झोप तर पुरी कर."

मुलीनं परत गेल्यावर पुस्तकं पाठवली. लहान मुलांची तीन, चित्रांची. एक जुनं व्याकरण, ज्यात कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. फोनवर ऐकायची पुस्तकं आणि गाणीही तिनंच पाठवली. शिकवणारं कोणी नव्हतं. नांदेडात कोण असणार, आणि लातुरातल्या क्लासच्या पाट्यांवर जगातलं सगळं असलं तरी हे नव्हतं.

मी एसटीत शिकले. नांदेड सुटलं की कानात वायर घालायची. लोहा येईपर्यंत मन लागायचं, अहमदपूरपर्यंत डोळे मिटायचे. ऐकायची पुस्तकं बहुतेक खुनाची होती. थंड देशातल्या लोकांना खून ऐकायला फार आवडतात असं दिसतं. त्यामुळं माझी सुरुवातच विचित्र झाली. स्कूग म्हणजे जंगल, ब्लूद म्हणजे रक्त, लीक म्हणजे प्रेत हे मला तोंडपाठ होतं, आणि चमच्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. कितीतरी वेळा मी झोपून जायची आणि जागी व्हायची तेव्हा गोष्टीत कोणी दुसराच मेलेला असायचा. मग मागं जायचं, पुन्हा ऐकायचं. एका पुस्तकाला मला पाच महिने लागले. शेवटी खुनी कोण हे समजलं तेव्हा काहीच वाटलं नाही. फक्त कान दुखत होते.

गाण्यांनी मात्र मदत केली. गाण्यात स्वर लांबतात, शब्द सुटा होतो, तोंडात धरता येतो. खोलीवर भाजी चिरताना मी एक अंगाई म्हणायची. घरमालकीण उदगीरकडची. तिनं एकदा दारातून विचारलं, "तेलुगू हाय का हे? कानडी तर न्हाई." स्वीडिश म्हटल्यावर तिनं, बरं, म्हणून टाकी भरली का ते विचारलं.

एक गोष्ट सापडली तेव्हा मी त्या थकव्यातही उठून बसले होते. इंग्रजीत अंकल म्हटलं की काका, मामा, सगळे एका पोत्यात जातात, आणि हे वर्गात समजावून मी कंटाळले आहे. स्वीडिशमध्ये तसं नाही. मामा वेगळा, काका वेगळा. आत्या म्हणजे फास्तेर, मावशी म्हणजे मुस्तेर. मी हे त्या मुलीला कळवलं, की तुझ्या आईला सगळं गाव मुस्तेर म्हणतं. तिनं उत्तरात नुसतं हसणारं चित्र पाठवलं. तेव्हाच मी तिला विचारलं, पहिल्या दिवशी हात धरून तू काय बोललीस? ती म्हणाली, आठवत नाही. खरंच आठवत नाही, त्या वेळी काय बोलतेय ते मलाच कळत नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी मी सुरुवात केली होती ती अशी निघून गेली. पण तोवर निम्मं पुस्तक समजायला लागलं होतं, आणि सोडायलाही शक्ती लागते.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. मी मावशींकडं जायची, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायची. हळूहळू मी इंग्रजी सोडून स्वीडिशमध्ये सांगायला लागले. मोडकंतोडकं, पण मुलीचा चेहरा सैल व्हायचा. माझा एक रविवार होता आठवड्यात, तो यात जायचा. कपडे धुवायचे राहायचे, पेपर तपासायचे राहायचे. नवरा स्वतःच भात लावून ठेवायचा, पण भांडी जरा जोरात आपटायचा.

मग एका रविवारी मुलीनं विचारलं, "तिनं मला शोधलं का?"

मी मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, "न्हाई."

मी थांबले, त्या अजून काही बोलतील म्हणून. त्या पदर नीट करत बसल्या. आधी इंग्रजीत असताना मी पुष्कळदा सारवासारव करायची. या टोकाचं वाक्य त्या टोकाला पोचेपर्यंत त्याला थोडं तूप लावायची. पण गोड करून सांगायला भाषा चांगली यावी लागते. मला तेवढी येत नव्हती. मी म्हटलं, "नेय. हुन लेतादे इन्ते." नाही. तिनं शोधलं नाही.

मुलीनं मान हलवली आणि फोन बंद केला.

सहा आठवडे काही नाही. मी निरोप पाठवले, ते वाचल्याची खूण यायची, उत्तर नाही. मावशी रविवारी तयार होऊन बसायच्या, मी रिकाम्या हातांनी जायची. नवरा म्हणाला, "तू सांगितलंस ते खरंच सांगितलंस ना? मग सोड आता." मी सोडलंच होतं. एसटीत कानात काही न घालता नुसती बसायची. खिडकीबाहेर कापूस, सोयाबीन, पुन्हा कापूस. दोन वर्षं ही भाषा शिकून मी एक वाक्य नीट बोलले आणि तेवढ्यानं दोन माणसं तुटली, हेच डोक्यात फिरायचं.

सातव्या रविवारी मावशी म्हणाल्या, "मला तिच्या बोलीत एक सांगायचंय. तुमी शिकवा."

"काय सांगायचंय?"

त्यांनी मग पहिल्यांदा पूर्ण सांगितलं. दवाखान्यातून सुटल्यावर त्या संस्थेच्या फाटकाशी गेल्या होत्या. स्टँडपासून चालत जाताना चार वेळा बसावं लागलं. आत कोणी घेतलं नाही. चांगल्या घरी दिली, एवढं एका माणसानं फाटकातूनच सांगितलं. दिवसभर तिथं बसून त्या परत आल्या. पुन्हा जायचं म्हणून दोनदा निघाल्या आणि गावच्या वेशीवरूनच फिरल्या. "पाय उचलत न्हवते, बाई. छातीत हवा ऱ्हात न्हवती. शोधलं न्हाई म्हंजे, झेपलं न्हाई. हे कसं म्हन्त्यात तिच्यात?"

मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवते. झेपलं नाही याला इंग्रजीत नेमका शब्द मला कधी मिळाला नाही. जमलं नाही, शक्ती नव्हती, असं फिरवून सांगावं लागतं. स्वीडिशमध्ये तो आहे. ओर्का. अंगात, मनात तेवढं बळ असणं. त्या खुनाच्या पुस्तकांतला म्हातारा पोलीस पानोपानी तो म्हणायचा, म्हणून मला माहीत होता.

"या ओर्कादे इन्ते," मी म्हटलं. "मला झेपलं नाही."

मावशींनी म्हणून पाहिलं. पहिल्यांदा ओरकाडे, मग ओरकादी. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी नवऱ्याबरोबर शाळेत गेले. खिचडीचं पातेलं ढवळत त्या पुटपुटत होत्या, या ओर्कादे इन्ते, या ओर्कादे इन्ते. वाढायला मदत करणारी बाई विचारत होती की कोणता मंत्र घेतलाय. दुपारी शाळेमागच्या लिंबाखाली आम्ही फोनवर आवाज टेप केला. मावशींनी आधी मराठीत मुलीला हाक मारली, त्यांनी ठेवलेल्या नावानं, जे पोरगी गेल्यापासून कोणी उच्चारलं नव्हतं. मग ते वाक्य. मग श्वास घेतला आणि पुन्हा तेच वाक्य. मी काहीही जोडलं नाही. फाटकाची, स्टँडची हकिगत खाली लिहून पाठवली, व्याकरण चुकलं असेल तसं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मी लातूरला, शिक्षकांच्या खोलीत होते. मुलीचा आवाज. ती म्हणाली, शेवटच्या थांब्यावर बस रिकामी करून तिनं ते ऐकलं, आणि परतीची फेरी दहा मिनिटं उशिरा सोडली. नोकरीत असं तिनं कधी केलं नव्हतं. तिला वाटत होतं की आपण कोणाला नकोच होतो. त्यापेक्षा, कोणीतरी थकलं होतं, हे तिला सोसता येईल असं वाटतं. लगेच नाही, पण येईल. पुढच्या रविवारी फोन कर.

मी ते एकदाच ऐकलं आणि मला प्रत्येक शब्द समजला. शेजारचे सर चहा पुढं करत होते. मी घेतला, आणि तास होता म्हणून उठले.

आता वर्ष होत आलं. कॉल अजून होतो. मुलगी स्वयंपाकघरात फोन ठेवते आणि कांदा उचलून नाव सांगते. मावशी मराठी नाव सांगतात. भोपळा हा शब्द मुलीच्या तोंडात बसत नाही, त्यावरून दोघी हसतात. कधी दहा-पंधरा मिनिटं माझी गरजच पडत नाही. मी बाहेर ओट्यावर बसते. केळीच्या गाड्या रस्त्यानं जातात. आत दोघींपैकी कोणाला काही अडलं की हाक येते, "बाई!" मग मी आत जाते, सांगते, पुन्हा बाहेर येते. गेल्या महिन्यात मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलीनं डॉक्टरला विचारायचे प्रश्न स्वीडिशमध्ये लिहून पाठवले, मी ते मराठीत वाचून दाखवले, आणि डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही नात्यानं कोण. सोबत आलेला नवरा म्हणाला, "घरच्याच हायेत."

बदली यंदाही झाली नाही. एसटी तीच आहे, गुडघे मात्र जास्त दुखतात. सध्या मी एक पुस्तक वाचतेय, खुनाचं नाही. एक बाई नदीकाठच्या गावात राहते, लाकडं रचते, शेजारणीशी भांडते. काहीच घडत नाही. लोह्याच्या थांब्यावर गाडी दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात दोन पानं होतात. परवा शेजारी बसलेल्या बाईंनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "परीक्षा हाय का?"

"न्हाई," मी म्हटलं, "असंच."

त्यांनी माझ्याकडं जरा सरकून पिशवीला जागा केली. मी पान उलटलं.