कोकिळा मॅडमची गुपचूप सहल

शिंदखेड्याजवळच्या एका गावात कोकिळा मॅडम मुख्याध्यापिका आहेत. नाव कोकिळा, पण आवाज दोन शेतं ओलांडून जातो. शाळेची घंटा बिघडली तरी कुणाला पत्ता लागत नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही वेळापत्रक मोडलं नव्हतं. म्हणून गेल्या डिसेंबरात त्यांनी जे केलं, ते स्टाफरूमला अजून पचलेलं नाही.

नववीला त्यांनी निबंध दिला होता, 'मला काय आवडतं'. अडतीसपैकी तेवीस जणांना वाचनाची आवड निघाली, आणि तेवीसही जणांनी 'ग्रंथ' हा शब्द एकाच तऱ्हेने चुकवला होता.

मॅडमनी वह्या बाजूला सारल्या. 'शैक्षणिक बाब' एवढंच लिहून पालकांच्या सह्या आणवल्या, आणि एका शनिवारी सकाळी शाळेच्या दारात बस उभी राहिली.

"बसा सगळे. दप्तरं वर्गातच राहू द्या."

कुठे जायचंय, ते ड्रायव्हर छगनभाऊंनाही माहीत नव्हतं. फाटा आला की मॅडम मागून "डावीकडे" किंवा "उजवीकडे" असं सांगायच्या.

मुलांनी वॉटर पार्क ठरवून टाकला होता. बस थांबली ती धुळ्यात, मोटार वाइंडिंगच्या दुकानापुढे. मग एका छापखान्यापुढे. मग जनावरांच्या दवाखान्यापुढे. काहीतरी बघून मुलांचे डोळे चमकतील, अशी मॅडमना आशा होती. ते चमकले खरे, पण दवाखान्यासमोरची पाणीपुरीची गाडी बघून.

दवाखान्यात एक म्हैस अडली होती. तिचं हंबरणं ऐकून मुलं बाहेर पळाली. रूपा तेवढी थांबली. ही रूपा हजेरीलाही जेमतेम ऐकू येईल असं 'हजर' म्हणायची.

"पिल्लाचा पाय मागे दुमडलाय का?" तिने डॉक्टरबाईंना विचारलं.

"तुला काय माहीत?"

"आमच्या म्हशीचं असंच झालं होतं. पारडू गेलं."

डॉक्टरबाईंनी तिच्या हातात म्हशीची शेपटी दिली. "घट्ट धर. सोडू नकोस."

पाऊण तासाने पारडू बाहेर आलं. रूपाने ते पेंढ्याने पुसलं. शनिवारचा पांढरा गणवेश कुठल्या रंगाचा झाला होता, हे सांगण्यात अर्थ नाही. पण परतताना बसमध्ये तीच सगळ्यांत जास्त बोलत होती.

मध्येच वर्गातल्या डिंपलने मॅडमना विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय आवडतं?"

मॅडम इतक्या हळू बोलल्या की छगनभाऊंनी बसचा वेग कमी केला.

"गाडी चालवायची होती. राहूनच गेलं."

सोमवारी रूपाचे वडील मगनभाऊ शाळेत हजर झाले.

"मॅडम, पोरले म्हैस दखाडाले धुयाले नेवानी काय गरज व्हती? घरमा दोन शेतस!"

"घरी दोन म्हशी आहेत हो, मगनभाऊ. पण धुळ्याला दाखवली तशी डॉक्टर आहे का घरात?"

मगनभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. दारापर्यंत जाऊन परत वळले.

"डॉक्टर व्हवाले कितला वरीस लागतस?"

आता शाळा सुटल्यावर मैदानावर कोकिळा मॅडम स्कूटी शिकतात. छगनभाऊ मागून धावतात, आणि नववीचा अख्खा वर्ग कडेला बसून सूचना देतो. बत्तीस वर्षांची सगळी परतफेड तिथे चालू आहे : "मॅडम, समोर लक्ष द्या! मॅडम, सांगितलेलं कळत नाही का?" शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी मार्क पडले. आठचा आकडा काढणं तेवढं जमत नाही.

परवा त्या स्कूटीसकट खो-खोच्या खांबावर आदळल्या. उठल्या, पदर झटकला आणि गरजल्या, "हसायचं नाही!"

अडतीसही जण हसले. मॅडमही हसल्या, आणि छगनभाऊंनी स्कूटी उभी करताच तिचं हँडल धरून पुन्हा बसल्या.