सुतळी कापायची सुरी

सकाळपासून धुकं असं बसलं होतं, की कोर्टाच्या पायऱ्या पायानं चाचपत चढाव्या लागत होत्या. मुद्देमालाच्या कारकुनानं खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघितलं, मगच उघडलं. सव्वीस वर्षं गुन्ह्यातल्या वस्तू सांभाळून गड्याला संशयाची खोडच जडलेली. बायको म्हणायची, "आरशात बघतानाही आधी मागं कोण आहे ते बघता!"

त्यानं लाख वितळवली, दोन पुडकी बांधली. सुतळी हल्ली एका फटक्यात तुटायची.

आज औषधाच्या दुकानातल्या लुटीची शिक्षा ठरणार होती. गुन्हा शाबीत झाला होता. लुटीत दाखवलेली सुरी जीवघेणी ठरली, तर न्यायाधीशांनाही सात वर्षांच्या खाली येता येत नव्हतं. नाहीतर तीनवर भागणार होतं.

दारात आरोपीची बहीण उभी. "मामा, सुरी केवढी आहे हो?"

"का? कांदा चिरायचाय?" तो खेकसला. ही का विचारते?

कोर्टात मोहर फोडली. आतून बोटभर, बोथट पातं निघालं.

"पंचनाम्यात तर वीतभर लिहिलंय," न्यायाधीश म्हणाले.

"लिहिणाऱ्यानं लिहिलं, साहेब," आरोपीचा वकील हसला. "हिनं काकडी चिरायची तरी घाम फुटेल."

बहिणीनं सुटकेचा निःश्वास सोडला. कारकुनाची नजर तिच्यावरून शिपायावर, शिपायावरून वकिलावर फिरली. पंधरा दिवसांपूर्वी वकिलानं कारकुनाच्याच टेबलावर पुडकं उघडून सुरी पाहिली होती. बदलली त्यानं? पण मोहर तर शाबूत होती, स्वतःची. मग पात्याच्या बुडाशी वाळलेली लाल लाख त्याला दिसली. त्या दिवशी पुडकं परत बांधताना त्यानं आपलीच सुरी आत घातली होती. आणि पंधरा दिवस दरोडेखोराच्या सुरीनं सुतळी कापत होता!

गप्प बसलं तर नोकरीही शाबूत, त्या आरोपी पोराची चार वर्षंही वाचतात.

"साहेब," तो म्हणाला, "ही माझी आहे. खरी माझ्या टेबलावर पडलीय."

खरी आणली. सुरीच्या मुठीतला तुटका खिळा पंचनाम्यातल्या फोटोशी जुळला. सात वर्षं. कारकुनाला लेखी खुलासा.

जिन्यात बहिणीनं गाठलं. "मामा, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"मला," तो म्हणाला. तिच्याकडे बघायचं मात्र त्याला जमलं नाही.

दोन्ही सुऱ्या पुडक्यात गेल्या. तो खोलीत परतला, पुढचं पुडकं ओढलं, गाठ मारली. सवयीनं टेबल चाचपलं, आणि मग सुतळी दातांनी तोडली.